‘मग, रुजू कधी व्हाल?’

मुलाखतीला निघालेल्या मुलाची किंवा मुलीची तयारी आपल्या घरांत कशी होते, हे वाचकांना वेगळे सांगायला नको. आदल्या रात्री कपड्यांना इस्त्री होते, प्रमाणपत्रांची फाइल तीन-तीनदा तपासली जाते, झेरॉक्सचे दोन जादा संच काढून ठेवले जातात. सकाळी अम्मी दुआ पढून दम करतात आणि अब्बूंच्या सूचना सुरू होतात. आत जाताना परवानगी माग, सलाम कर, बसायला सांगितल्याशिवाय बसू नकोस, समोर बघून बोल. सूचना सगळ्या चांगल्याच असतात, पण त्या सगळ्या दारातून आत जाण्याच्या असतात. त्याच दारातून बाहेर कसे पडायचे, हे मात्र कोणीच सांगत नाही.

आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. शिक्षकांच्या निवडीच्या वेळी विषयाचे जाणकार म्हणून टेबलाच्या पलीकडे बसण्याची वेळ आमच्यावर अनेकदा आली आहे. शिवाय रविवारी मोहल्ल्यातल्या पदवीधर मुलामुलींच्या सराव मुलाखतीही आम्ही घेतो. दोन्हीकडे एकच गोष्ट पाहायला मिळते. वीस मिनिटे मुलगी छान बोलते, विषय तिला येत असतो, उत्तरे नेमकी असतात. मग समोरचे साहेब फाइल मिटतात आणि म्हणतात, “ठीक आहे, तुम्हाला काही विचारायचंय?” त्या एका वाक्याने मुलगी बदलून जाते. मान खाली जाते, आवाज बसतो. “नाही सर, काही नाही.” आणि उठता उठता, “सर, जरा बघा ना. घरची परिस्थिती अशी आहे…”

या शेवटच्या वाक्याने खूप नुकसान होते. जी व्यक्ती मिनिटापूर्वी शिक्षिका म्हणून बोलत होती ती आता गरजू म्हणून बोलू लागते आणि समोरच्या लोकांच्या लक्षात तीच राहते. परिस्थिती खरी असते, ती लपवण्यासारखी गोष्टही नाही. पण नोकरी ही जकात नव्हे. ती कामाच्या बदल्यात मिळते आणि शाळेला, दवाखान्याला किंवा कंपनीला काम करणारा माणूस हवा असतो म्हणूनच तर मुलाखत ठेवलेली असते.

शेवट लक्षात का राहतो, याचा अभ्यास मानसशास्त्रात झालेला आहे. डॅनियल कानेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना एकदा १४ अंश सेल्सियसच्या थंडगार पाण्यात ६० सेकंद हात धरायला लावला. दुसऱ्या वेळी तेच ६० सेकंद आणि त्यावर आणखी ३० सेकंद, पण या जादा ३० सेकंदांत पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत कोमट होत गेले. नंतर विचारले, यांपैकी कोणता अनुभव पुन्हा घ्याल? बहुतेकांनी जास्त वेळाचा निवडला! त्रास एकूण जास्त होता, पण शेवट जरा सुसह्य होता. याच कानेमन यांना २००२ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. आम्हा शिक्षकांना ही गोष्ट अगदी नवी वाटू नये. बी.एड.च्या सूक्ष्म अध्यापनात पाठाचा समारोप हे स्वतंत्र कौशल्य म्हणून शिकवले जाते, कारण तास कसा संपला यावर मुले काय घेऊन घरी जातात हे बरेचसे ठरते. अर्थात, विषयच येत नसेल तर गोड शेवटाने काही साधत नाही, हेही सांगून ठेवतो. समितीतले लोक इतके भोळे नसतात.

मुलाखत कुठे उरली आहे?

कोणी म्हणेल, आता सगळे ऑनलाइन परीक्षेवर चालते, मुलाखतीचे एवढे काय? हे अर्धेच खरे आहे. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट ‘ब’ अराजपत्रित, गट ‘क’ आणि ‘ड’च्या पदांसाठी मुलाखत बंद केली. बँकेच्या क्लार्कलाही मुलाखत नसते. पण त्याच बँकांच्या पीओ भरतीत लेखी आणि मुलाखत यांचे प्रमाण ८० आणि २० असे धरतात आणि दोन-चार गुणांनी यादीत खाली जाणारी मुले आपण पाहतोच. शिक्षक भरतीत पवित्र पोर्टलवर ‘मुलाखतीसह’ असा वेगळा प्रकार आहे. त्यात संस्थेपुढे पाठ घेणे आणि मुलाखत देणे यांना मिळून ३० गुण असतात. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांत, जिथे आपली बरीच मुलेमुली अर्ज करतात, तिथे तर जाहिरात देऊन मुलाखतीनेच निवड होते. खासगी दवाखाने, औषध कंपन्या, बांधकाम व्यवसाय, मॉलमधली दुकाने आणि आखाती देशांतल्या नोकऱ्या इथे समोरासमोर बसल्याशिवाय काहीच होत नाही.

या सगळ्या ठिकाणी ज्ञानाची परीक्षा पहिल्या वीस मिनिटांत होते. शेवटच्या पाच मिनिटांत वेगळेच काही चालू असते. कधी येणार, किती पगारावर येणार, कुठे काम करणार, कोणत्या अटी मान्य करणार, हे सगळे त्या पाच मिनिटांत ठरते. आपली मुले त्याला निरोप समजतात. समोरचे लोक मात्र त्या वेळी सौदा पक्का करीत असतात.

भाषेचे शिक्षक म्हणून इथे एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. ‘मुलाखत’ हा शब्द आपल्याच ‘मुलाकात’वरून मराठीत आला. म्हणजे भेट. उर्दूने त्या कामासाठी ‘इंटरव्यू’ घेतला आणि मराठीने ‘मुलाकात’ ठेवून घेतली. ‘उमेदवार’ हा मूळ फारसी शब्द आहे, उमेद बाळगणारा. भेटीत दोन्ही बाजू बोलतात आणि दोन्ही बाजू एकमेकांना पारखतात. म्हणूनच “काही विचारायचंय?” या प्रश्नाला “नाही” हे उत्तर नसते. निदान एक प्रश्न घरून तयार करून न्यावा आणि तो कामाबद्दलचा असावा. शाळेत असाल तर “पहिल्या सत्रात माझ्याकडे कोणते वर्ग असतील?” दवाखान्यात असाल तर “नव्या नर्सला पहिले काही दिवस कोणाच्या हाताखाली ठेवता?” दुकानात किंवा कंपनीत असाल तर “पहिल्या तीन महिन्यांत माझ्याकडून कोणतं काम अपेक्षित आहे?” असा प्रश्न विचारणारा उमेदवार मनाने त्या खुर्चीवर बसून पाहतो आहे, हे समितीला लगेच कळते. सुट्ट्या किती, हा प्रश्न मात्र पहिला नसावा.

इन्शाअल्लाह कुठे म्हणावे

आता त्या प्रश्नाकडे येऊ, जो ऐकायला सगळ्यांना आवडतो आणि ज्याच्यावर आपली मुले हमखास अडखळतात. “मग, रुजू कधी व्हाल?”

“इन्शाअल्लाह, लवकरच.”

हे उत्तर आम्ही समितीत बसून ऐकले आहे आणि शेजारच्या साहेबांच्या चेहऱ्यावर उमटलेले प्रश्नचिन्हही पाहिले आहे. बोलणाऱ्याच्या मनात पूर्ण होकार असतो. ऐकणाऱ्याला मात्र ‘बघू, जमलं तर’ असे ऐकू येते. दोष ऐकणाऱ्याचा नाही. आपणच रोजच्या बोलण्यात हा शब्द टाळाटाळीसाठी वापरून त्याची किंमत कमी केली आहे. पैसे कधी परत करणार? इन्शाअल्लाह. घरी कधी येणार? इन्शाअल्लाह. सूरह कहफमध्ये जी शिकवण आहे, ती उद्या अमुक करीन असे म्हणताना अल्लाहच्या मर्जीचा उल्लेख जोडण्याची आहे. म्हणजे आधी करायचे काम ठरलेले हवे आणि त्याला हा शब्द जोडायचा. नुसता शब्दच पुढे करायचा नाही. “सर, मी सोमवारी, १ तारखेला सकाळी हजर होईन, इन्शाअल्लाह,” असे म्हटले की ईमानही राखले जाते आणि कामही होते. समोरचा मुसलमान असो वा नसो, तारीख ऐकल्यावर तो ती वहीत लिहून घेतो.

उर्दू माध्यमातून शिकलेल्या मुलांना इथे आणखी एक भीती असते, मराठीची. वीस मिनिटे सांभाळून बोलल्यावर शेवटी दमछाक होते आणि मग ‘माझी पुस्तक’ आणि ‘माझा काम’ सुरू होते. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. उर्दूत ‘किताब’ स्त्रीलिंगी आहे आणि मराठीत ‘पुस्तक’ नपुंसकलिंगी, उर्दूला तर नपुंसकलिंगच नाही. सवय जाता जाता जाते. आमचा उपाय साधा आहे. शेवटची तीन वाक्ये मराठीत लिहून काढावी, जाणकाराकडून तपासून घ्यावी आणि आरशासमोर दहा वेळा म्हणावी. “तुमच्याशी बोलून मला कामाची नीट कल्पना आली. हे काम करायला मला आवडेल. निकाल साधारण कधी कळेल?” एवढी तीन वाक्ये बिनचूक आली की मधल्या चुका लोक विसरतात. पाठांतर वाटेल, ही शंका मनात आणू नये. निकाहाचे शब्दही ठरलेलेच असतात, म्हणून काही कबुली खोटी ठरत नाही.

घरचे बोलणे आदल्या रात्री

रुजू होण्याचा प्रश्न मुलींच्या बाबतीत आणखी अवघड होतो. “घरी विचारून सांगते,” हे त्यांचे नेहमीचे उत्तर असते. मुलीच्या दृष्टीने हा अदब आहे. वडिलांना न विचारता ती होकार कशी देणार? पण निवड समिती त्याचा अर्थ नकार असा घेते आणि यादीतल्या पुढच्या नावाकडे वळते. आम्ही हे होताना पाहिले आहे. त्यात मुलीची चूक नव्हती. घराने तिला उत्तर देऊनच पाठवले नव्हते.

म्हणून आमची सगळ्यात कळकळीची विनंती उमेदवारांना नसून त्यांच्या अब्बू-अम्मींना आहे. दम करण्याच्या आधी, आदल्या रात्री जेवणानंतर अर्धा तास बसा. नोकरी किती लांब असली तर चालेल? संध्याकाळी किती वाजेपर्यंत? कमीत कमी पगार किती? दुसऱ्या गावी राहावे लागले तर? निकाह ठरला असेल तर सासरच्यांशी बोलणे झाले आहे का? या प्रश्नांची उत्तरे घरात ठरली, म्हणजे मुलगी टेबलासमोर बसून “हो, माझं घरी बोलणं झालेलं आहे” असे सांगू शकते. “लग्नानंतर नोकरी सोडणार का?” हा प्रश्न विचारणे बरोबर नाही असे आमचे स्पष्ट मत आहे, मुलांना तो कोणी विचारत नाही. पण तो विचारला जातो, आणि बहुतेक वेळा शेवटीच. त्यावर वाद घालण्याची ती जागा नव्हे आणि गप्प राहण्याचीही नव्हे. “नाही सर. मी नोकरी करणार आहे, हे घरात ठरलेलं आहे.” एवढे पुरे. पण हे वाक्य खरे असले पाहिजे आणि ते खरे करणे घराच्या हातात आहे. निवड झाल्यावर नेमणुकीचे पत्र ट्रंकेत ठेवून देणारी घरेही आपल्यात आहेत.

जाता जाता वडीलमंडळींना आणखी एक सांगतो. मुलीला सोडायला जरूर जावे, बाहेर बाकावर बसावे. मात्र मुलाखत संपल्यावर आत डोकावून “साहेब, लेकराकडे लक्ष असू द्या” असे म्हणू नये. लेकरू आत्ताच पस्तीस मुलांचा वर्ग सांभाळू शकतो असे सांगून बाहेर आलेले असते.

पगाराचा विषय

“तुमची अपेक्षा किती?” यावर “तुम्ही द्याल ते” हे उत्तर नम्र वाटते, पण त्याचा अर्थ आपण चौकशी न करताच आलो आहोत असा होतो. काही ठिकाणी हा प्रश्न येतच नाही, कारण रक्कम सरकारने ठरवलेली असते. अनुदानित शाळेत पहिली तीन वर्षे शिक्षण सेवक म्हणून काढावी लागतात आणि २०२३ पासून त्याचे मानधन प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि कनिष्ठ महाविद्यालयाला २०,००० रुपये आहे. तिथे पगार विचारला तर आपल्यालाच माहिती नाही असे दिसते. विनाअनुदानित शाळेत, दवाखान्यात आणि कंपनीत मात्र विचारलेच पाहिजे. त्याच गावात तेच काम करणाऱ्या दोघा-तिघांकडे आधी चौकशी करून एक आकडा मनाशी ठरवावा आणि तो सरळ सांगावा. आकडा सांगितल्यावर लगेच “पण कमी असला तरी चालेल” असे पुढे जोडू नये. थोडा वेळ शांतता पडते. ती पडू द्यावी.

कंपनीने वर्षाचा ‘सीटीसी’ सांगितला तर हातात किती येईल, हे तिथेच विचारून घ्यावे. सीटीसीत भविष्यनिर्वाह निधीतला मालकाचा वाटाही बहुधा धरलेला असतो, आणि आपल्या पगारातून मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या १२ टक्के आपला वाटा कापला जातो तो वेगळाच. पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि ती जागा ईएसआय योजनेत येत असेल, तर तिचेही ०.७५ टक्के जातात. हे विचारणे म्हणजे हावरेपणा नव्हे. त्या रकमेतून कोणाची फी भरायची असते, कोणाचे औषध आणायचे असते.

जुम्याच्या नमाजबद्दल आम्हाला नेहमी विचारले जाते. त्याविषयी मतभेद असू शकतात, आमचे मत असे की पहिल्या मुलाखतीच्या शेवटच्या मिनिटाला हा विषय काढू नये. निवड कळल्यावर आणि होकार देण्यापूर्वी साध्या शब्दांत सांगावे. शुक्रवारी दुपारी मला पाऊण तास लागेल, तेवढा वेळ मी संध्याकाळी भरून देईन. बहुतेक ठिकाणी जमते. शिफ्टच्या कामात जमणार नसेल तर तेही रुजू होण्याआधी कळलेले बरे. हिजाबचे तसे नाही. तो पहिल्या क्षणापासून समोर दिसतच असतो, त्यासाठी शेवटी वेगळा खुलासा देण्याचे कारण नाही.

‘संस्थेच्या काही अपेक्षा आहेत’

आता एका कडू विषयाकडे येतो. तो टाळला तर हा लेख लिहिण्यात अर्थ नाही. मुलाखत चांगली होते, सगळे हसून बोलतात, आणि उठायच्या वेळी कोणीतरी हळूच म्हणतो, “तुमचं नाव वर आहे. पण संस्थेच्या काही अपेक्षा आहेत. घरच्यांना एकदा भेटायला सांगा.” आमच्या ओळखीच्या एका तरुणाला हे वाक्य दोन वेगवेगळ्या ठिकाणी ऐकायला मिळाले. त्यातले एक ठिकाण आपल्याच लोकांचे होते, हे लिहिताना वाईट वाटते. इमारत निधी म्हणा, देणगी म्हणा, हदिया म्हणा, नोकरीच्या बदल्यात मागितलेला पैसा ही रिश्वतच आहे. त्यासाठी जमीन विकलेली, बहिणीचे दागिने मोडलेले लोक आपल्या आसपास आहेत.

त्या क्षणी काय म्हणावे? आवाज न चढवता, उभे राहून म्हणावे, “सर, माझी निवड गुणांवर झाली तर मी नक्की येईन. पैसे देऊन मला नोकरी करायची नाही.” मग सलाम किंवा नमस्कार करून निघावे. नोकरी जाईल का? जाऊ शकते, त्या तरुणाची एक गेली. पण कायदा काय म्हणतो हेही माहीत असावे. सरकारी अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थेचे पदाधिकारी भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात लोकसेवक धरले जातात. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. ज्याला ती जबरदस्तीने द्यावी लागली, त्याने सात दिवसांच्या आत कळवले तरच त्याला संरक्षण मिळते. महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा टोल फ्री क्रमांक आहे. ‘सगळेच देतात’ असे घरातले वडीलधारे म्हणतात तेव्हा मुलाने त्यांना ही माहिती द्यावी.

पासपोर्ट टेबलावर ठेवू नये

रत्नागिरी, खेड, दापोली, महाड, श्रीवर्धन या भागांतल्या घरांना आखाताची वाट पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे. मुंबईत हॉटेलात किंवा एजंटाच्या ऑफिसात मुलाखत होते. गर्दी असते, पाच-दहा मिनिटांत काम उरकते आणि शेवटी “सिलेक्ट झालास, पासपोर्ट जमा कर” असे सांगतात. आनंदाच्या भरात मुलगा पासपोर्ट देतो आणि बाहेर येऊन घरी फोन लावतो. पगार विचारलास का? हो, पंधराशे. पंधराशे दिरहम की रियाल? त्यात जेवण आणि राहणे धरून की सोडून? ड्युटी आठ तास की बारा? मुलाला काहीच सांगता येत नाही.

इथे शेवटची पाच मिनिटे म्हणजे पुढची दोन वर्षे असतात. मूळ पगार किती, राहणे आणि जेवण कंपनीचे की आपले, करार किती वर्षांचा, ओव्हरटाइमचा दर काय, परतीचे तिकीट कोणाचे, हे पाच प्रश्न चिठ्ठीवर लिहून न्यावेत आणि उत्तरे त्याच चिठ्ठीवर लिहून घ्यावीत. चिठ्ठी काढायला संकोच करू नये, समोरचाही कागदावरूनच विचारत असतो. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे परदेशी नोकरीसाठी माणसे भरणाऱ्या एजंटाकडे सरकारी नोंदणी असावी लागते. ती नोंदणी ‘ई-मायग्रेट’च्या सरकारी संकेतस्थळावर पाहता येते. सेवाशुल्क ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी याहून अधिक घेता येत नाही. पासपोर्ट कायद्याने भारत सरकारची मालमत्ता आहे, म्हणून नेमणुकीचे पत्र हातात पडेपर्यंत फक्त झेरॉक्स द्यावी. व्हिसासाठी मूळ प्रत द्यावीच लागते तेव्हा सही-शिक्क्याची पावती घ्यावी. “पत्र मिळालं की त्याच दिवशी पासपोर्ट आणून देतो,” असे म्हणण्यात उद्धटपणा काही नाही. या वाक्यावर चिडणारा एजंट ओळखू आला, हा त्यातला फायदाच समजावा.

खोलीतून बाहेर पडताना

उठण्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. मुलाखत संपली हे समोरच्याने सांगू द्यावे, आपण मध्येच उठू नये. फाइल मांडीवर आधीच मिटलेली असावी, नाहीतर कागद गोळा करण्यातच अर्धे मिनिट जाते आणि त्यातला एखादा हमखास खाली पडतो. खुर्ची जागेवर सरकवावी. समोरच्याने हात पुढे केला आणि मुलीला किंवा मुलाला हस्तांदोलन करायचे नसेल तर उजवा हात छातीवर ठेवून किंचित झुकावे आणि हसून धन्यवाद म्हणावे. महाराष्ट्रात हे कोणाला विचित्र वाटत नाही, नमस्कारातही कोणी कोणाला स्पर्श करीत नाही. दारापर्यंत उलट्या पावलांनी जाणारी मुले आम्ही पाहिली आहेत. तेवढी गरज नाही. “येते सर, धन्यवाद,” म्हणून सरळ चालत निघावे. मराठी माणूस निघताना ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतो, आणि उर्दू माध्यमाच्या मुलीच्या तोंडून ते ऐकले की समितीतल्या जुन्या मंडळींना बरे वाटते.

मोबाइलवर होणाऱ्या मुलाखतीत धोका वेगळा. “थँक यू” म्हटल्यावर कॉल बंद झाला असे समजून मुलगा ओरडतो, “अम्मी, संपलं एकदाचं! तो टकला किती छळत होता!” आणि तो टकला अजून स्क्रीनवर असतो. समोरच्यांना आधी जाऊ द्यावे, मग आपण लाल बटण दाबून खात्री करावी, आणि त्यानंतरच अम्मीला हाक मारावी.

त्याच संध्याकाळी तीन ओळींचा ईमेल पाठवावा. कोणत्या पदासाठी मुलाखत झाली, वेळ दिल्याबद्दल आभार, आणि रुजू होण्याची सांगितलेली तारीख. व्हॉट्सअ‍ॅपवर हात जोडल्याची चित्रे पाठवू नयेत. आठवड्यात कळवू असे सांगितले असेल तर आठव्या किंवा नवव्या दिवशी एकच फोन करावा, ऑफिसच्या वेळेत.

आणि घरी आल्यावर? दारातच “काय, लागली का?” असे विचारण्याची आपली पद्धत आहे. शेजारच्या खालाही तेवढ्यासाठी येऊन बसलेल्या असतात. लागली की नाही हे त्या दिवशी कोणालाच माहीत नसते, उमेदवाराला तर नाहीच. त्याऐवजी काय काय विचारले ते विचारावे आणि एका वहीत लिहून ठेवावे. शेवटचा प्रश्न कोणता होता आणि त्यावर काय उत्तर दिले, हेही लिहावे. आमच्या रविवारच्या वर्गात अशी एक जाड वही आहे, कोपरे मुडपलेली, तीन-चार जणांच्या हस्ताक्षरातली, काही पाने उर्दूत तर काही मराठीत. पुढच्या मुलाखतीला जाणारे आधी तिची शेवटची पाने चाळतात.